गोळी सुरू करणारे पुष्कळ, थांबवणारे कोण? पुण्यातील डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर आणि औषधविक्रेते,

सप्रेम नमस्कार.

झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्यांबद्दल तुम्हाला लिहिते आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही नावे तुमच्यातले काही जण रोज लिहितात आणि काही जण रोज फळीवरून काढून देतात. पुण्यातल्या कितीतरी घरांत या गोळ्या उशीखाली, चष्म्याच्या डबीत, देवघराच्या खणात ठेवलेल्या असतात. मी खासगीत सगळ्यांशी बोलून पाहिले. शेवटी उत्तर एकच मिळाले : ‘या वयात आता कशाला बंद करायची? चालू राहू द्या.’ हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. आईने ऐंशी ओलांडली आहे, ती कोथरूडला राहते. बाबा गेले तेव्हा तिची झोप पार उडाली. रात्र रात्र ती खुर्चीत बसून असायची, जेवण तुटले होते. तेव्हा आमच्या भागातल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची सर्वांत कमी ताकदीची गोळी लिहून दिली, रात्री एक. त्या वेळी ते औषध योग्यच होते, असे मी आजही म्हणेन. आई झोपू लागली, चार घास खाऊ लागली. चिठ्ठीवर औषधाचे नाव होते, मात्रा होती, वेळ होती. किती दिवस घ्यायची, एवढेच नव्हते.

पुढे त्या डॉक्टरांनी वयोमानाने दवाखाना बंद केला. चिठ्ठी मात्र चालूच राहिली. आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग मोबाइलमधल्या फोटोत. गुडघ्यांसाठी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी ‘बाकीची औषधे तीच चालू’ असे लिहिले. ब्लडप्रेशरच्या डॉक्टरांनीही तेच लिहिले. मधे एकदा झोप पुन्हा तुटायला लागली तेव्हा आणखी एका डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. दुकानातून पट्ट्या घरपोच यायच्या. ‘आजींची नेहमीची’ एवढे फोनवर सांगितले की पुरे.

मग एका रात्री बाथरूमला जाताना आई पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात दाखल करताना ब्लडप्रेशरची, थायरॉइडची, कॅल्शियमची गोळी केस पेपरवर नोंदली गेली. झोपेची नोंदली गेली नाही, कारण तिच्याबद्दल कुणी विचारलेच नाही, आणि आईच्या लेखी ते औषध नव्हतेच. ऑपरेशन चांगले झाले. त्यानंतर तिचे हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, ती चादरीवरचे काहीतरी वेचू लागली, बाबांना हाका मारू लागली आणि मग तिला फिट आली. मेंदूचा स्कॅन झाला, रक्तातले सोडियम तपासले, पक्षाघाताची शंका घेऊन झाली. शेवटी रात्रपाळीच्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘ताई, आजींना झोपेची गोळी चालू होती का? किती वर्षं?’ त्यांचे आमच्यावर मोठे ऋण आहे. हा प्रश्न दाखल करतानाच विचारला गेला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डवर पुन्हा तीच गोळी होती : ‘चालू ठेवणे’. मुदत नाही. आणि त्याच आठवड्यात, बंद पडलेल्या दवाखान्याच्या त्याच जुन्या चिठ्ठीच्या आधारावर दुकानातून नव्या पट्ट्या दारात हजर झाल्या.

डॉक्टरांना औषधशास्त्र शिकवण्याचा माझा हेतू नाही, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मेंदूत गॅबा नावाचे रसायन पेशींची उत्तेजना खाली आणते. अल्प्राझोलामसारखी बेंझोडायझेपिन गटातली औषधे त्याचा परिणाम वाढवतात, म्हणून भीती ओसरते, स्नायू सैल होतात, झोप येते आणि चालू असलेली फिट थांबते. फिट न थांबणाऱ्या मुलाला लोराझेपाम किंवा मिडाझोलाम मिळणे म्हणजे त्याचा जीव वाचणे. धनुर्वाताच्या रुग्णाचे आचके डायझेपामने आटोक्यात येतात. ऑपरेशनआधीची धास्ती, अचानक उसळणारे भीतीचे झटके, दारू सोडतानाचे धोकादायक दिवस, या सगळ्यांत ही औषधे लागतात. ती बाजारातून हटवा, असे मी म्हणत नाही. कुणी म्हणाले तर मी विरोध करीन.

अडचण होते ती गोळी रोज आणि दीर्घकाळ घेतल्यावर. बाहेरून रोज मदत मिळू लागली की मेंदू स्वतःची व्यवस्था त्याप्रमाणे बदलून घेतो. काही आठवड्यांतच त्याच मात्रेची झोप उथळ होऊ लागते. मग मात्रा वाढते. आणि गोळी एकाएकी थांबली की दाबून ठेवलेली उत्तेजना उसळून वर येते : झोप पूर्वीपेक्षा वाईट, धडधड, कंप, घाम, भास, आणि काहींना फिट. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, साधारण अकरा तासांत निम्मे होते, म्हणून त्याचा त्रास एकदोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम रेंगाळत उतरते, म्हणून त्याचा उशिरा होतो. रुग्णाला वाटते जुना आजार परत आला, घरच्यांना वाटते वय झाले, आणि गोळी पुन्हा सुरू होते. आईला व्यसन होते, असे मी म्हणणार नाही. तिला कधी तलफ आली नाही, तिने कधी लपवून गोळी घेतली नाही. तिचे शरीर गोळीवर अवलंबून झाले होते. पण शरीराच्या या अवस्थेतून काही जण खऱ्याखुऱ्या व्यसनातही जातात, विशेषतः ज्यांना आधीपासून दारूची सवय आहे.

ही माहिती नवी नाही. या गटातले पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आले, डायझेपाम १९६३ मध्ये. जुन्या बार्बिच्युरेट औषधांपेक्षा ती पुष्कळ सुरक्षित होती, म्हणून जगभर उचलली गेली. १९८८ मध्येच ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना सांगितले की ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सगळ्या गटाच्या माहितीपत्रकावर गैरवापर, व्यसन, शारीरिक अवलंबित्व आणि सोडतानाचा त्रास यांबद्दलचा सर्वांत कडक इशारा बंधनकारक केला. झोल्पिडेम वेगळ्या जातीचे म्हणून निर्धोक मानले जायचे. अमेरिकेतच २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची मात्रा निम्मी करायला सांगितले गेले, आणि २०१९ मध्ये झोपेत चालणे, झोपेत गाडी चालवणे अशा प्रकारांबद्दल कडक इशारा आला.

आता माझ्या तक्रारी.

डॉक्टरांविषयीची पहिली तक्रार मुदतीची. अँटिबायोटिक लिहिताना तुम्ही ‘पाच दिवस’ लिहिता. झोपेची गोळी लिहिताना दिवसांचा रकाना कोरा का राहतो? पहिल्या चिठ्ठीच्या वेळी रुग्ण संकटात असतो, त्याला आराम हवा असतो आणि तुमच्या बाहेरच्या बाकावर वीस माणसे बसलेली असतात, हे मला कळते. पण मुदत लिहायला दोन शब्द लागतात. ते न लिहिल्यामुळे आईच्या बाबतीत गोळी सुरू करणारे एक डॉक्टर होते, चालू ठेवणारे अनेक होते, आणि थांबवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. प्रत्येकाला वाटले की ही गोळी दुसऱ्या डॉक्टरांची आहे, आपण कशाला हात लावा. तिच्या फायलीतला एकही कागद एकटा पाहिला तर चुकीचा वाटत नाही. सगळे एकत्र ठेवले की भीती वाटते.

दुसरी तक्रार न सांगण्याची. पोटासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांत एसिटालोप्रामच्या जोडीला क्लोनाझेपाम असते. रुग्ण ती ‘पोटाची गोळी’, ‘मन शांत राहायची गोळी’ म्हणून घेत राहतो. त्यात सवय लावणारा घटक आहे हे त्याला कुणी सांगत नाही, आणि पट्टीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. शिवाय दोन औषधे एकाच गोळीत असली की एक चालू ठेवून दुसरे हळूहळू कमी करताच येत नाही. अशी जोडगोळी लिहिण्याआधी, ती सुटणार कशी, याचा विचार झालेला असतो का?

दारूबरोबर किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर ही गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हेही सांगितले जात नाही. सकाळी डोके जड असताना दुचाकीवर बसू नका, हे या दुचाकींच्या शहरात तर प्रत्येकाला सांगायला हवे. माझा एक जुना विद्यार्थी पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. खोलीतल्या मित्राने दिलेली अर्धी अर्धी गोळी घेऊन तो झोपत होता, आणि सकाळी वाचलेले लक्षात राहत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. नव्या गोष्टी स्मरणात साठवण्यावर या औषधांचा परिणाम होतो, हे त्याला माझ्याकडून कळले. ती गोळी मुळात मित्राच्या वडिलांना लिहून दिलेली होती. त्यांनाही ते कुणी सांगितलेले नव्हते.

म्हाताऱ्या माणसांबद्दल वेगळे लिहायलाच हवे. वय वाढते तसे हे औषध शरीरातून उतरायला जास्त वेळ लागतो. तोल जातो, गोंधळ होतो, पडण्याचा आणि खुबा मोडण्याचा धोका वाढतो. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा गट आहे. आणि हे शहर निवृत्तांचे आहे. मुले परदेशी, घरात दोघेच किंवा एकटेच, रात्र मोठी. त्या एकटेपणावर गोळी हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. दुपारची झोप, संध्याकाळचा चहा, उतारवयात मुळातच कमी होणारी झोप, यांबद्दल त्यांच्याशी कुणी पाच मिनिटे बोलत नाही. जुनाट निद्रानाशावर वर्तनोपचार हा पहिला उपाय मानला जातो. झोपेच्या वेळा बांधून देणे, जागेपणी अंथरुणात पडून न राहणे, झोपेची धास्ती कमी करणे, हे त्यात शिकवतात. आईला इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरांनी त्याचे नाव सांगितले नव्हते.

औषधविक्रेत्यांविषयीची माझी तक्रार थोडक्यात मांडता येते, कारण कायदा स्पष्ट आहे. औषध नियम, १९४५ मधला नियम ६५ सांगतो की डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे, आणि देताना चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख टाकायची. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीवर जादा बंधने असलेल्या औषधांची यादी, लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, मिडाझोलाम, झोल्पिडेम त्यात आहेत. या औषधांच्या प्रत्येक विक्रीची नोंद, म्हणजे डॉक्टरांचे नाव आणि पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या, वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. आईच्या चिठ्ठीवर एकाही दुकानाचा शिक्का नाही. मग वहीत कोणत्या डॉक्टरांचे नाव लिहिले जात होते? ज्यांचा दवाखानाच उरला नाही त्यांचे?

तुमची बाजूही मला दिसते. समोर नेहमीच्या आजी उभ्या असतात, त्यांना रात्र काढायची असते, आणि तुम्ही नाही दिली तर दोन दुकाने सोडून तिसरा देतो. पण हीच ढिलाई पुढे कुठे जाते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. मालेगावात तरुण मुले जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलामच, आईच्या चष्म्याच्या डबीत असायची तीच.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुंगीची औषधे घेतात असे आढळले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षे घेणारी माणसे त्या मोजणीत धरलेलीच नाहीत. आई त्यात नाही. तिच्यासारख्यांना मोजतच नाहीत, मग त्यांच्यासाठी सोय कोण करणार?

१९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र याच शहरात सुरू झाले. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतो, हे पुण्याने उभ्या महाराष्ट्राला दाखवले. एकाएकी दारू थांबलेल्या माणसाचे हात तिसऱ्या दिवशी कापू लागले तर वॉर्डातल्या मावशीसुद्धा काय झाले ते ओळखतात. आईचा कंप त्याच जातीचा होता, कारण दारू आणि ही गोळी मेंदूत बऱ्याच अंशी एकाच जागी काम करतात. म्हणून तर दारू सोडवताना क्लोरडायझेपॉक्साइड देतात. पण नऊवारी नेसलेल्या, हातात जपमाळ असलेल्या बाईकडे पाहून ही शंका कुणाच्या मनात येत नाही. ती यायला हवी.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

डॉक्टरांनी या गटातले कोणतेही औषध लिहिताना त्याच ओळीत कारण आणि दिवस लिहावेत, आणि ते कधी व कसे थांबवायचे हे पहिल्याच भेटीत मराठीत सांगावे. ‘बाकीची औषधे तीच चालू’ हे वाक्य या गोळ्यांसाठी वापरू नये. ज्यांना गोळी पुढे चालू ठेवायची आहे त्यांनी तिची जबाबदारी स्वतःच्या सहीने घ्यावी. अपस्मारासारख्या आजारात ती दीर्घकाळ लागते, तिथे तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे त्या रुग्णांची दुकानात अडवणूक होणार नाही.

प्रत्येक रुग्णालयाच्या दाखल करण्याच्या कागदावर एक छापील प्रश्न असावा : झोपेची, टेन्शनची किंवा पोटाची गोळी रोज घेता का, किती काळापासून? आणि दारूविषयी पुरुषांना जसे विचारता तसे हे बायकांना आवर्जून विचारावे.

औषधविक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर, फोटोवर, फोनवर ही औषधे देणे बंद करावे आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारावा. मात्र वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या माणसाला नुसते ‘चिठ्ठी नाही, गोळी नाही’ म्हणून परत पाठवू नये. गोळी अचानक थांबली तर त्याच्या जिवाला धोका आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगावे, किती मात्रा किती काळ चालू आहे हे कागदावर लिहून द्यावे, डॉक्टरांना स्वतः फोन करावा.

औषध निरीक्षकांनाही याच कारणासाठी विनंती आहे. नोंदवह्या जरूर तपासा, खरेदी आणि विक्रीचा मेळ घाला, खोट्या नोंदी करणाऱ्यांवर कारवाई करा. पण आठवडाभराची धडक मोहीम काढून सगळीकडचा पुरवठा एकदम तोडू नका. तसे झाले तर आईसारखी कितीतरी माणसे फिट येऊन रुग्णालयात पोहोचतील.

म्हणून शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, आठवड्यातून निदान एक दुपार, या गोळ्या हळूहळू कमी करण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवावा. त्याला व्यसनमुक्तीचे नाव देऊ नका, आजी-आजोबा त्या पाटीखालून आत येणार नाहीत. बराच शोध घेतल्यावर आम्हाला असे मानसोपचारतज्ज्ञ भेटले, जे दर काही आठवड्यांनी मात्रा थोडीशीच, पाच-दहा टक्क्यांनी, उतरवतात, मधे त्रास झाला तर थांबतात, पण पुन्हा मागे जात नाहीत. आईची मात्रा आता निम्म्याहून खाली आली आहे. दुपारी तिला पेपर वाचताना पेंग येत नाही. ऐंशीनंतरही हे जमते. ज्यांना खासगी उपचारांचा खर्च झेपत नाही त्यांना ते सरकारी दवाखान्यात मिळायला हवे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एकच विनंती : घरात कुणी ही गोळी रोज घेत असेल तर ती परस्पर काढून घेऊ नका, फेकू नका, एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. यातले काय मान्य आहे, काय नाही, आणि जे मान्य आहे ते कोणत्या तारखेपासून सुरू होणार, हे जाहीरपणे सांगावे. मी उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
कोथरूडमधील एक निवृत्त शिक्षिका